गृहशास्त्राची डॉक्टरेट : एका विद्येच्या नामांतराचा इतिहास

एखादा विषय विद्यापीठात शिकविला जाऊ लागला, एवढ्याने त्यास विद्येची प्रतिष्ठा लाभते असे नाही. त्याचे वर्ग भरतात, परीक्षा होतात, प्रसंगी स्वतंत्र इमारतही उभी राहते. परंतु त्या विषयात डॉक्टरेट देण्यास विद्यापीठ राजी होते, तेव्हाच त्यात अद्याप न सुटलेले आणि सोडविण्याजोगे प्रश्न आहेत, ही गोष्ट मान्य होते. आज ‘मानव-विकास आणि कुटुंबशास्त्र’ या किंवा यासारख्या नावाने अनेक विद्यापीठांत पीएच. डी.पर्यंतचे अध्ययन चालते. या नावातील एकही शब्द त्या विद्येच्या जन्माच्या वेळी तिच्या नावात नव्हता. मूळचा शब्द होता ‘घर’. आणि तोच आज नावात उरलेला नाही. ही अदलाबदल कशी झाली आणि तीत कोणाला काय गमवावे लागले, हे पाहण्यासाठी प्रथम अमेरिकेतील संयुक्त संस्थानांकडे वळावे लागते. त्या इतिहासाचा एक धागा पुढे बडोद्यापर्यंत येतो.

या विद्येच्या प्रवर्तकांत एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांचे नाव अग्रभागी घेतात. रिचर्ड्सबाई रसायनशास्त्रज्ञ होत्या. १८७० साली व्हासर कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांना मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला, तो विशेष विद्यार्थिनी म्हणून व विनाशुल्क. विनाशुल्क प्रवेश हे औदार्य वाटते. परंतु त्यामागे पुढे कोणी तक्रार केल्यास ‘ही आमची रीतसर विद्यार्थिनी नव्हे’ असे म्हणण्याची सोय राखलेली होती. १८७३ साली त्यांनी तेथील पदवी मिळविली, त्यानंतरही अध्ययन चालू ठेवले. पण डॉक्टरेट मिळाली नाही. रसायनशास्त्रातील पहिली डॉक्टरेट एका स्त्रीला द्यावी लागू नये, हे त्यामागील कारण असावे, असे त्यांच्या पतीचे मत नमूद झालेले आहे. ज्या संस्थेने पदवी नाकारली तेथेच त्यांनी १८८४ पासून स्वच्छता-रसायनाचे अध्यापन केले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील पाण्याच्या पाहणीचे प्रचंड काम पार पाडले. स्मिथ कॉलेजने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९१० साली. १९११ साली त्या वारल्या.

रिचर्ड्सबाईंना आपल्या नव्या विद्येसाठी नाव हवे होते, आणि या नावाच्या शोधाचा इतिहास शब्दांच्या अभ्यासकाला मोठा उद्बोधक वाटेल. ग्रीक भाषेतील ‘ऑइकोस’ म्हणजे घर. या शब्दावरून जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेल याने १८६६ साली ‘इकॉलॉजी’ ही संज्ञा घडविली होती. ‘इकॉनॉमी’ हा शब्दही त्याच घरातला. १८९२ साली रिचर्ड्सबाईंनी बोस्टन येथील एका व्याख्यानात हीच ‘इकॉलॉजी’ निरोगी घरगुती जीवनाच्या शास्त्राचे नाव म्हणून सुचविली. जीवशास्त्रज्ञांनी तो शब्द आपलासा केला होता, त्यामुळे सूचना मागे पडली. १८९९ पासून १९०८ पर्यंत लेक प्लॅसिड येथे वर्षानुवर्षे ज्या परिषदा भरल्या, त्यांत अखेर ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव स्थिरावले आणि १९०९ साली त्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. म्हणजे ‘घर’ हा शब्द एकदा इंग्रजीत आणि एकदा ग्रीकमध्ये, असा एकाच नावात दोनदा आला. ही द्विरुक्ती त्या वेळी कोणास खटकल्याचे दिसत नाही.

या परिषदांचे यजमान मेल्विल ड्यूई हे ग्रंथालय-वर्गीकरणाचे जनक होत, हा योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांच्या दशांश पद्धतीत गृहव्यवस्थेला ६४० हा वर्ग मिळाला, तो उपयुक्त कलांत. आजही मुलांचे संगोपन ६४९ मध्ये, मुलांच्या मनाचा विकास १५५ मध्ये आणि विवाह व कुटुंबसंस्था ३०६ मध्ये असते. कुटुंबातील एका मुलाविषयी प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाच्या तीन कोपऱ्यांत हिंडावे लागते, याचे मूळ त्या काळच्या कल्पनांत आहे.

कॉर्नेल विद्यापीठात या विषयाचा आरंभ डॉक्टरेटपासून फारच दूर झाला. १९०० साली मार्था व्हान रेन्सेलर यांना तेथील कृषी-विभागाने शेतकऱ्यांच्या स्त्रियांसाठी पत्रद्वारा वाचनक्रम चालविण्यास बोलाविले. त्यांच्या पहिल्या पुस्तिकेचा विषय होता स्वयंपाकघरातील येरझारा कशा वाचवाव्यात. व्हान रेन्सेलर यांनी स्वतः कॉर्नेलची पदवी घेतली ती १९०९ साली, म्हणजे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आणि अवघ्या दोन वर्षांनी त्या व त्यांच्या सहकारी फ्लोरा रोझ यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. त्या नेमणुकीच्या वेळी अध्यापकसभेने जो ठराव केला त्याचा आशय असा, की सर्वसाधारणपणे स्त्रियांना प्राध्यापक नेमणे सभेस पसंत नाही, मात्र गृहशास्त्र-विभागापुरती सभेची हरकत नाही. या ठरावात विषयाचे सारे भवितव्य साठविलेले आहे. ‘घर’ या शब्दाने दार उघडले, आणि त्याच शब्दाने त्या दारापलीकडची कोठडीही ठरवून दिली. रसायनशास्त्रात शिकागोची डॉक्टरेट मिळविणाऱ्या अ‍ॅग्नेस फे मॉर्गन यांच्यासारख्या विदुषी १९१५ साली बर्कले येथे गेल्या त्याही या कोठडीतूनच. तेथे त्यांनी विद्यार्थिनींना पाकक्रियेऐवजी रसायनाची कसून तयारी करण्यास लावले, हा भाग निराळा.

कॉर्नेलमधील गृहव्यवस्थेच्या शिक्षणक्रमात एक विलक्षण प्रघात होता. विद्यार्थिनी काही काळ एका ‘सराव-गृहात’ एकत्र राहत आणि घर चालविण्याचे सर्व काम पाळीपाळीने करीत. घर म्हटले की मूल आलेच. म्हणून बालकल्याण-संस्थांकडून एक तान्हे मूल तेथे आणले जाई. पहिले मूल १९२० साली आले. त्याचे नाव ठेवले डिकी डोमेकॉन. ‘डोमेकॉन’ म्हणजे ‘डोमेस्टिक इकॉनॉमी’ या विषयनामाचे संक्षिप्त रूप! पुढे येणाऱ्या प्रत्येक मुलाचे आडनाव हेच. आई पाळीने बदले, मूल वाढे, वजनाच्या व आहाराच्या नोंदी काटेकोर राहत आणि काही काळाने ते दत्तक दिले जाई. शास्त्रीय पद्धतीने वाढविलेली ही मुले दत्तक घेण्यास लोक उत्सुक असत. या मुलांची हेळसांड झाली असे मुळीच नाही. परंतु ज्या मुलाला विषयाचे नाव आडनाव म्हणून मिळते, त्याच्याकडे त्या विषयाचे अभ्यासक कोणत्या दृष्टीने पाहत असतील, हे सांगावयास नको. मूल हे तेव्हा सरावाचे साधन होते; संशोधनाचा प्रश्न नव्हते.

मूल हा प्रश्न झाला तो आयोवा राज्यात. कोरा बसी हिलिस या गृहिणीने तेथे वर्षानुवर्षे चळवळ केली. तिचा युक्तिवाद अगदी शेतकरी-राज्याला शोभेसा होता : संशोधनाने मका आणि डुकरे सुधारता येतात, तर मुलांचेच संशोधन का होऊ नये? १९१७ साली आयोवा विद्यापीठात बालकल्याण-संशोधन-केंद्र स्थापन झाले. नाव ‘कल्याण’ आणि ‘संशोधन’ यांचा समास करणारे होते व त्या समासातील ताण अखेरपर्यंत टिकला. पाठोपाठ डेट्रॉइट येथे लिझी मेरिल पामर यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून, एड्ना नोबल व्हाइट यांच्या संचालकत्वाखाली मेरिल-पामर शाळा उभी राहिली. मुलींना मातृपदासाठी तयार करणे हा मृत्युपत्राचा हेतू. पण १९२२ साली तेथे शिशुशाळा निघाली आणि पाहता पाहता ती बालविकासाच्या अभ्यासकांची प्रयोगशाळा बनली. १९२० नंतरच्या दशकात लॉरा स्पेलमन रॉकफेलर स्मारकनिधीने, लॉरेन्स फ्रँक यांच्या पुढाकाराने, न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात, मिनेसोटात आणि बर्कले येथे अशा संस्थांना भरघोस साहाय्य केले. १९३३ साली बालविकास-संशोधकांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. संशोधनाला पैसा मिळाला, प्रबंध लिहिले जाऊ लागले. मात्र त्या प्रबंधांची वाटणी लक्षात घेतली पाहिजे. मुलाचे मन मानसशास्त्राकडे गेले, अन्न रसायनाकडे, कुटुंबसंस्था समाजशास्त्राकडे. ‘घर’ या शब्दाच्या वाट्याला जे उरले, ते शिकविण्याजोगे होते. डॉक्टरेट देण्याजोगे आहे असे फारसे कोणास वाटत नव्हते.

या वाटणीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आयोवातील हॅरल्ड स्कील्स यांच्या पाहण्यात आले, की अनाथगृहातून मंदबुद्धी स्त्रियांच्या संस्थेत हलविलेल्या दोन खुरटलेल्या मुली तेथे अनपेक्षितपणे टवटवीत झाल्या. तेथील स्त्रियांनी त्यांना मायेने जवळ केले होते, एवढेच. पुढे अशी तेरा मुले हलविण्यात आली. स्कील्स व डाय यांनी १९३९ साली जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात या तेरांचा बुद्ध्यंक सरासरी २७.५ अंकांनी वाढलेला आणि अनाथगृहातच राहिलेल्या बारा मुलांचा सरासरी २६.२ अंकांनी घटलेला होता. संख्या अल्प, पद्धतीत उणिवा. बुद्धी उपजत मानणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर झोड उठविली. स्कील्स यांनी १९६६ साली त्याच मुलांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा हलविलेल्यांचे शिक्षण मध्यगतीने बारावीपर्यंत आणि मागे राहिलेल्यांचे तिसरीच्याही खाली आढळले. मायेचे एक माणूस असणे ही विकासातील गणनीय बाब आहे, असा याचा अर्थ. हा निष्कर्ष ज्या काळात छापला गेला त्या काळात कॉर्नेलच्या सराव-गृहात आई पाळीनेच बदलत होती. एकाच विद्येच्या संशोधनाची आणि अध्यापनाची घरे इतकी जवळ असूनही त्यांच्यात बोलणे नव्हते. मागे राहिलेल्या बारा मुलांचे काय, हा प्रश्न तर त्याहून अवघड. तो त्या अहवालाच्या वादात फारसा निघाला नाही.

संशोधन आणि घर यांच्यामधील ही दरी ज्यांनी आपल्या प्रबंधाच्या विषयानेच ओलांडली, त्यांत फ्लेमी पॅन्सी किट्रेल यांची गणना करावी लागेल. १९०४ साली उत्तर कॅरोलायनातील हेंडरसन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असता त्यांचा ओढा राज्यशास्त्र व अर्थशास्त्राकडे होता. गृहशास्त्र घ्यावे असे सुचविले गेले तेव्हा त्या नाखूष होत्या. घर म्हणजे सर्वांना माहीत असलेलीच गोष्ट, तीत शिकावयाचे काय, ही शंका स्वाभाविक होती. एलेन रिचर्ड्स यांच्या कार्याची माहिती वाचल्यावर त्यांचे मन वळले. ज्या स्त्रीला डॉक्टरेट मिळाली नाही, तिच्या उदाहरणाने दुसरी एक स्त्री डॉक्टरेटच्या वाटेला लागली, असा हा क्रम आहे. १९२८ साली पदवी घेऊन त्या ग्रीन्सबरो येथील बेनेट कॉलेजात शिकवू लागल्या आणि अध्यापन सांभाळून १९३० साली कॉर्नेलची एम. ए. व १९३६ साली पीएच. डी. त्यांनी मिळविली. गृहशास्त्रात डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री मानल्या जातात.

त्यांना न्यूयॉर्क राज्यात का जावे लागले, हे सांगितल्यावाचून या पदवीची किंमत कळावयाची नाही. उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचे दार त्यांच्या वर्णाच्या विद्यार्थ्यांना बंद होते. पॉली मरी यांचा अर्ज त्या विद्यापीठाने केवळ वर्णाच्या कारणावरून फेटाळला तो १९३८ साली, म्हणजे किट्रेल डॉक्टर झाल्यानंतर दोन वर्षांनी. दूर जाऊन किट्रेल यांनी जो विषय निवडला तो मात्र घरचाच होता : उत्तर कॅरोलायनातील एका निवडक वस्तीत कृष्णवर्णीय अर्भकांना काय व कसे खाऊ-पिऊ घालतात, याचा अभ्यास. वरवर पाहता किरकोळ वाटणारा हा विषय आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहावा. १९४० साली अमेरिकेत दर हजार जन्मांमागे गोऱ्या अर्भकांचा मृत्यू ४३.२ होता, इतरांचा ७३.८. हा फरक रक्तातील नाही, तर घागरीतल्या पाण्यातला, दुधाच्या भावातला आणि आईच्या कामाच्या तासांतला आहे, हे दाखवावयाचे तर कोणीतरी स्वयंपाकघरापर्यंत जाऊन विचारणे भागच होते. अशी विचारपूस करणारा संशोधक त्या घरांना परका असून चालत नाही. रसायनशास्त्र, समाजशास्त्र व मानसशास्त्र यांनी आपापसांत वाटून घेतलेला प्रश्न येथे पुन्हा एका उंबरठ्याशी एकत्र आला.

१९४४ साली किट्रेल वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात विभागप्रमुख झाल्या. १९४७ साली लायबेरियातील आहाराची पाहणी करताना, पोट भरूनही राहणाऱ्या कुपोषणाकडे त्यांनी लक्ष वेधले. आणि १९५० साली फुलब्राइट योजनेखाली त्या बडोद्यास आल्या.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. गृहविज्ञान-विद्याशाखा लगेच १९५० मध्ये निघाली. तिच्या उभारणीस किट्रेल यांनी साहाय्य केले व १९५३ साली त्या आहारविषयक अध्यापनासाठी पुन्हा भारतात आल्या. कुलगुरुपदी हंसा मेहता होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल अशी जी शब्दयोजना होती, ती बदलून ‘सर्व मानव’ असा निःसंदिग्ध पाठ घेण्यास ज्यांचा आग्रह कारणीभूत झाला, त्या ह्याच. शब्द बदलल्याने कोण आत येतो व कोण बाहेर राहतो, हे जाणणाऱ्या व्यक्तीच्या हाती या विद्याशाखेची स्थापना झाली. तेथील बालविकासाचा विभाग पुढे ‘मानव-विकास आणि कुटुंब-अध्ययन’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

बडोद्याच्या या प्रयत्नाचे वेगळेपण मुंबई-पुण्याशी तुलना केल्यावर दिसते. मुंबई विद्यापीठात कुटुंबाचा अभ्यास घुर्ये यांच्या समाजशास्त्र-विभागात रुजला. कापडिया यांचे हिंदू आप्तसंबंधांवरील व विवाहसंस्थेवरील ग्रंथ त्याच परंपरेतले. इरावती कर्वे यांनी १९३० च्या सुमारास बर्लिन येथे डॉक्टरेट मिळविली ती मानवी कवटीच्या असममितीवर; पण त्यांचे नाव झाले ते १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील आप्तसंबंधांवरील ग्रंथाने, ज्यात नात्यांची नावे भाषाविभागांनुसार गोळा करून मांडली आहेत. कवट्या मोजून मिळालेली पदवी आणि ‘आत्या’, ‘मामी’ हे शब्द गोळा करून घडलेले शास्त्र, यांतील अंतर बोलके आहे. मुलांचे म्हणावे तर ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला, अनुताई वाघ यांच्यासह, आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली. अंगणवाडी ही कल्पना तेथे घडली. १९७५ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या बालविकास-योजनेने तो शब्द देशभर नेला. ही डॉक्टरेटवाचून झालेली ज्ञाननिर्मिती होय. म्हणजे आपल्याकडे कुटुंब समाजशास्त्रात होते, मूल बालवाडीत होते, आणि दोहोंना एका छपराखाली आणणारी जागा गृहविज्ञानाची होती. तिला मात्र सुगृहिणी तयार करणारा शिक्षणक्रम म्हणून हसण्याची चाल सुशिक्षितांत पुष्कळ दिवस होती.

संज्ञांच्या बाबतीत मराठीची अडचणही थोडी निराळी आहे. ‘कुटुंब’ हा शब्द जुन्या मराठी बोलण्यात पत्नी या अर्थाने सर्रास येई. ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ म्हणणाऱ्या पिढीला ‘कुटुंबशास्त्र’ ऐकून काय वाटले असते, याची कल्पना करावी. ‘विकास’ म्हणजे मुळात उमलणे. इंग्रजी व जर्मन शब्दांतील गुंडाळी उलगडण्याच्या अर्थाहून तो खचित सुंदर आहे. परंतु १९९० साली संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव-विकास-अहवाल निघाल्यापासून ‘मानव-विकास’ म्हटले की वाचकाला जिल्ह्यांचे निर्देशांक आठवतात, बालकाचे पहिले पाऊल आठवत नाही. या विषयात प्रबंध लिहिणाऱ्यास पहिल्याच पानावर हा खुलासा करावा लागतो.

अमेरिकेत नामांतराची लाट १९६० नंतर आली. घर हा शब्द संशोधनाला कमीपणा आणतो, त्यामुळे अनुदान व हुशार विद्यार्थी मिळत नाहीत, असे म्हटले जाऊ लागले. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात १९६७ साली मानव-विकास-महाविद्यालय झाले. कॉर्नेलचे गृहशास्त्र-महाविद्यालय १९६९ साली ‘ह्यूमन इकॉलॉजी’चे महाविद्यालय झाले. रिचर्ड्सबाईंचा फेटाळलेला शब्द सत्याहत्तर वर्षांनी परत आला. इंग्रजी घर पुसले गेले, ग्रीक घर आत आले. पण ग्रीक कोणास कळते? कॉर्नेलमध्ये व्हान रेन्सेलर व रोझ यांच्यापासून हेलन कॅनॉयर यांच्यापर्यंत या महाविद्यालयाच्या सर्व प्रमुख स्त्रिया होत्या. १९६८ साली डेव्हिड नॅप हे पहिले पुरुष अधिष्ठाता आले आणि पुढल्या वर्षी नाव बदलले. अन्यत्रही असेच घडले. सारा दोष नामांतराचा नव्हे. त्याच महाविद्यालयात युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी, मूल हे घर, शाळा, वस्ती, आईबापांची नोकरी आणि राज्याचे धोरण अशा एकाबाहेर एक वलयांत वाढते, ही उपपत्ती रचली; १९७९ च्या त्यांच्या ग्रंथाने या विद्येतील प्रबंधांना मांडणीची चौकट पुरविली. सराव-गृहातील मुलांचा प्रघातही १९६९ पर्यंत संपला होता. डोमेकॉन आडनावाचे मूल त्यानंतर झाले नाही.

आज या विषयात पीएच. डी. करणारास दोन-तीन वर्षे विकासाच्या उपपत्ती, कुटुंबविषयक सिद्धांत आणि संख्याशास्त्र यांचा अभ्यास करून मगच प्रबंधाकडे वळता येते. एकाच मुलाचे दहा-वीस वर्षांतील मोजमाप कसे जुळवावे, नवरा व बायको यांची उत्तरे परस्परावलंबी असताना ती दोन म्हणून मोजावी की एक, असे प्रश्न तेथे तासन्‌तास चर्चिले जातात, आणि ते पोकळ नाहीत. आयोवाचे केंद्र मात्र १९७४ साली बंद झाले. राष्ट्रीय गृहशास्त्र-संस्थेने १९९४ साली आपल्या नावातून ‘घर’ काढून ‘कुटुंब व उपभोक्ता’ हे शब्द घेतले.

किट्रेल यांनी हॉवर्डमध्ये आपल्या विभागासाठी स्वतंत्र इमारत मिळावी म्हणून अनेक वर्षे खटपट केली. ती १९६३ साली पुरी झाली. तेथे त्यांनी वॉशिंग्टनमधील गरीब मुलांसाठी शिशुशाळा चालविली, तीत आईबापांनाही बोलाविले. १९६५ साली निघालेल्या ‘हेड स्टार्ट’ या राष्ट्रीय योजनेच्या पूर्वतयारीत अशा शाळांचा अनुभव उपयोगी पडला. १९७२ साली त्या निवृत्त झाल्या व १९८० साली वारल्या.